गातेस का?

साडेअकराचे आजोबा आले नाहीत, म्हणून हे सगळं झालं. ते आले असते तर मिसाओनं नेहमीप्रमाणे त्यांच्या खालच्या दातांमागचं कीटण खरवडलं असतं, त्यांनी नेहमीप्रमाणे दुखत नसताना डोळे घट्ट मिटले असते आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला चित्रकथेचा तो सहावा भाग कपाटातच राहिला असता. पण निईगाताचं डिसेंबरचं आभाळ सकाळपासून गुरगुरत होतं, बर्फ पडायच्या आधी इथे असं गडगडतं, आणि म्हाताऱ्या माणसांना घरात बसायला तेवढं कारण पुरतं. हातात मोकळा अर्धा तास आला. मिसाओ एकेचाळीस वर्षांची होती, दातांच्या दवाखान्यात दात साफ करून देण्याचं काम तिनं अठरा वर्षं केलं होतं, आणि पेशंटांसाठी ठेवलेल्या मांगा, म्हणजे चित्रकथांची पुस्तकं, वाचण्याचं तिचं वय नव्हतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ‘पाच जणींच्या घंटा’चे पाच भाग तिनं जेवणाच्या सुट्टीत, डब्यातला भात गार होऊ देत, वाचून काढले होते. एका मुलींच्या शाळेत पाच जणी मिळून घंटा वाजवतात. टेबलावर जाड गादी, तिच्यावर ओळीनं पितळी घंटा, हातात पांढरे मोजे, आणि प्रत्येकीच्या वाट्याला दोन नाहीतर तीन सूर. आपला सूर आला की आपण वाजवायचा. एक मुलगी आली नाही तर धून तिथे तिथे फाटते, एवढी साधी गोष्ट, आणि पाचांची मैत्री त्या फाटण्याशिवण्यातून पुढे सरकते. वाचणाऱ्या सगळ्यांना मिनामो आवडते, वेंधळी, हसरी, प्रत्येक वेळी अर्धी मात्रा उशिरा येणारी. मिसाओला आवडायची तोवा. तोवा हजेरी घेते. तोवा स्वतःचे मोजे इस्त्री करते आणि दुसरीच्या मोज्यावरचा डाग तिला आधी दिसतो. तिचं कुणाशी पटत नाही आणि तिचं म्हणणं नेहमी बरोबर असतं. नात्यातल्या एखाद्या बदनाम माणसाची आपण मनातल्या मनात बाजू घ्यावी तशी मिसाओ तिची बाजू घेत आली होती.

सहाव्या भागात स्पर्धेचा दिवस होता. धून शेवटाकडे येते, मिनामोचा सूर यायचा असतो, तिची घंटा टेबलावर पडलेली असते, ती हात पुढे करते, आणि त्या हाताच्या आधी शेजारून एक पांढरा मोजा येऊन ती घंटा उचलतो. तोवा मैत्रिणीचा सूर स्वतः वाजवते. अगदी वेळेवर. पुढचं अख्खं पान नुसतं मिनामोच्या हाताचं होतं, टेबलावर अधांतरी राहिलेल्या, बोटं किंचित वळलेल्या हाताचं. मग बाहेरच्या बोळात मिनामो विचारते, का गं? आणि तोवा तिच्याकडे न बघता सांगते, “बाईंनी मला खूण केली होती.” चित्रातल्या बाईंनी काही खूण केलेली नव्हती. मिसाओनं पान उलटलं नाही. तिला तहान लागली आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या, एवढंच आधी तिच्या लक्षात आलं.

“वाचलंत?” काउंटरवरून कोयुकी म्हणाली. ही दवाखान्यातली सगळ्यात लहान, तेवीस वर्षांची, अपॉइंटमेंटा लिहायची आणि मांगांची खरेदीही तिच्याकडेच होती. “त्या तोवाला ना, धरून बडवायला हवं.”

“का?”

“का काय ताई! स्वतःला मैत्रीण म्हणवते, मैत्रिणीचा सूर पळवते, आणि वर बिल फाडते बाईंच्या नावावर! उशिरा वाजवते म्हणून वाजवला, असं तोंडावर सांगितलं असतं तर मी माफ केलं असतं.”

“तिला जिंकायचं होतं.”

“जिंकायचं सगळ्यांनाच असतं हो. तुम्ही पण ना, नेमकी कुणाची बाजू घ्याल!” कोयुकी हसली. “नेटवर तर लोक म्हणतायत, पुढच्या भागात तिला बसखाली घाला.”

मिसाओही हसली. हसण्यावारी नेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्याच दुपारी वर्गाच्या ग्रुपवर माकिनोचा मेसेज आला. माकिनो त्यांच्या आठवीच्या वर्गाचा मॉनिटर होता, अजूनही स्वतःला तोच समजायचा. हातानो बाई ऑक्टोबरात गेल्या होत्या, घरच्यांनी अंत्यविधी घरच्याघरी उरकला होता, आणि आता येत्या रविवारी दोन वाजता नदीकाठच्या नागरी केंद्रात जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी जमायचं ठरलं होतं. बाईंच्या फोटोपुढे आठवीतलं ते नदीवरचं गाणं पुन्हा म्हणायचं. ‘खालच्या सुराच्या बायका मिसाओकडे, पूर्वीसारख्याच. चिझुरुला कुणीतरी पटवा, ती मेसेज वाचते आणि गप्प बसते.’ दहाच मिनिटांनी चिझुरुचा मेसेज आला, तो एकट्या मिसाओला. ‘मी येणार नाही. त्या बाईनं माझं तोंड बंद केलं. आता तिच्या फोटोपुढे ते उघडू की काय? तू काहीतरी कारण सांग माझ्या वतीनं. तुला चांगलं जमतं.’

शेवटचं वाक्य चिझुरुनं सहज लिहिलं होतं. चिझुरु टोमणे मारत नाही, हे मिसाओला तेहेतीस वर्षं माहीत होतं. म्हणूनच ते तिला तीनचार वेळा वाचावं लागलं. मग दोनचा पेशंट आला, अडीचचा आला, तीनची बाई आली, आणि मिसाओ प्रत्येकाला सांगत राहिली, आ करा, अजून थोडं, छान, अजून. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगायचं हे काम आपण का धरलं, असं तिनं पूर्वी कधी मनात आणलं नव्हतं. दात आवडतात म्हणून, असं ती सांगायची. आता त्या तीनच्या बाईच्या उघड्या तोंडात दिव्याचा झोत पाडून बघताना तिला आठवीच्या वर्गातला ऑक्टोबर दिसू लागला, सकाळी साडेसातचा सराव, खिडक्यांवरची वाफ, बाकं मागे ढकलून केलेली जागा. दर शरदात प्रत्येक शाळेत वर्गावर्गांची गाण्याची स्पर्धा होते आणि दर शरदात प्रत्येक वर्गात त्यावरून रडारड होते. मुलगे नीट गात नाहीत म्हणून मुली रडतात, मुली रडतात म्हणून मुलगे अजूनच गात नाहीत. त्या वर्षी मुलगेसुद्धा गात होते. वर्ग जिंकणार हे पंधरा दिवस आधीच सगळ्यांना कळलं होतं, फक्त खालच्या सुराच्या मुलींत कुठेतरी एक आवाज अर्ध्या बोटानं खाली घसरत होता. तो कुणाचा हे शोधायला मिसाओला कान लावायची गरज नव्हती. तो तिच्या डाव्या खांद्याशीच होता. चिझुरु, तिसरीपासूनची मैत्रीण, वडील घर सोडून गेल्यावर सबंध वर्षभर मिसाओच्या घरी संध्याकाळी जेवणारी चि-चान, जिवाच्या आकांतानं आणि मोठ्या आनंदानं बेसूर गात होती. गटप्रमुख मिसाओ होती. मुली तिच्याकडे बघायच्या, म्हणजे सांग ना तिला, तुझी मैत्रीण आहे. सांगायचं कसं, हे तिनं दोन रात्री घोळवलं. आणि स्पर्धेच्या तीन दिवस आधी, पाणी प्यायच्या नळाशी, चिझुरु ओल्या हातांनी केस मागे सारत असताना, तिनं ते सांगितलं. “चि-चान, तू फक्त ओठ हलव. बाईंनी सांगितलंय.”

बाईंनी काही सांगितलं नव्हतं. हातानो बाई पेटीच्या मागून सगळ्यांना एकच गोष्ट सांगायच्या, पोट भरून श्वास घ्या. पण ‘बाईंनी सांगितलंय’ म्हटल्यावर प्रश्न संपतो, आणि आपण त्यात नसतो. चौदाव्या वर्षी मिसाओला ते किती सोपं वाटलं होतं! चिझुरुनं नळ बंद केला, म्हणाली, “बरं. बाईंनी म्हणजे... बरं.” आणि स्पर्धेच्या दिवशी तिनं इतके छान ओठ हलवले की परीक्षकांतल्या एकानं नंतर मागच्या रांगेतली ती उत्साही मुलगी म्हणून तिचाच उल्लेख केला. वर्गाला सुवर्णपदक मिळालं. फोटोत चिझुरु हसतेय, मिटल्या तोंडानं. त्यानंतर ती कधी गायली नाही. शाळेचं गीत नाही, वाढदिवसाचं गाणं नाही, तिथे ती टाळ्या वाजवते. मुलगी झाली तेव्हा तिला झोपवायला ती रेडिओ लावायची. “माझ्या आवाजानं पोरगी बिघडायची,” असं हसत म्हणायची, आणि मिसाओ त्या हसण्यात आपलं हसू मिसळायची. मैत्री तुटली नाही, हीच तर सगळ्यात वाईट गोष्ट होती. सत्तावीस वर्षं ती मैत्री त्या नळाशी सांगितलेल्या वाक्यावर उभी होती आणि मजेत उभी होती. हातानो बाईंचं नाव निघालं की चिझुरुचं तोंड वाकडं व्हायचं आणि मिसाओ विषय बदलायची. मेलेल्या कोंबड्याला आगीचं भय नसतं, पण बाई तर आत्ताआत्तापर्यंत जिवंत होत्या. एकदा बाजारात दिसल्या, मुळ्याची जुडी पोटाशी धरून. मिसाओ लोणच्यांच्या दुकानात शिरली आणि नको असलेलं लोणचं घेऊन बाहेर आली.

घरी जाताना बसमध्ये तिनं फोनवर सातवा भाग विकत घेतला. तोवाचं पुढे काय होतं हे कळल्याशिवाय तिला घरी जाववेना. चाळिसाव्या पानावर तोवा पुलावर उभी राहून खरं सांगते. पाऊस पडतो. मिनामो रडते, तोवा रडते, मिनामो म्हणते, मला माहीत होतं गं वेडे, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात. दोन पानांत मिटलं. पुढच्या पानावर पाचही जणी गरम गरम बटाटेवडे खात होत्या. मिसाओला असा संताप आला की शेजारच्या बाईनं वळून बघितलं. तिला ती चित्रं काढणाऱ्याला गाठून विचारायचं होतं, इतकं स्वस्त? मग पाच भाग तोवाला एवढी खरी कशाला काढलीस? आणि संतापाखाली, तळाशी, तिला लाज वाटत होती, कारण त्या दोन पानांवर ती स्वतःही रडली होती आणि घटकाभर तिला खरोखर वाटलं होतं की आपलंही असंच होईल. आपण सांगू, चि-चान म्हणेल, मला माहीत होतं गं वेडे. सत्तावीस वर्षांत हा विचार तिनं किती वेळा घासूनपुसून ठेवला होता.

शुक्रवारी ती शोकप्रसंगी घालायचा काळा पोशाख घेऊन चिझुरुच्या लाँड्रीत गेली. दुकान चिझुरुचं नव्हतं, ती काउंटरवर असायची, पण तेरा वर्षांत गिऱ्हाइकांना तिचंच वाटायला लागलं होतं. आत वाफेचा ऊबदार वास होता, आणि दांडीवर कापडी पिशव्यांत कितीतरी काळे पोशाख टांगलेले होते. हिवाळ्यात माणसं जास्त जातात.

“बघू,” चिझुरुनं पोशाख पालथा करून काखेजवळ बोट फिरवलं. “अगं, हा तर स्वच्छ आहे. वास घेऊन बघ. उगाच कशाला टाकतेस?”

“असाच आणला.”

“असाच म्हणजे मला पटवायला आलीस. माकिनोनं पाठवलं ना? त्याला म्हणावं, मॉनिटर, तुझी मुदत संपली.” ती हसली. तिचे दात मिसाओनंच दर सहा महिन्यांनी साफ केलेले होते, एकही किडका नव्हता. “चहा घेणार? आत ये, आत्ता कोणी येत नाही.”

“चि-चान, बाईंनी सांगितलं नव्हतं.”

“काय नव्हतं सांगितलं?”

“ओठ हलवायचं. मी सांगितलं. माझ्या मनानं. बाईंचं नाव घातलं.” किती छोटं वाक्य होतं. एवढंसं वाक्य सत्तावीस वर्षं आत मावलं कसं आणि इतकी जागा त्यानं कशी खाल्ली, असं काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. आता ती वाट बघत होती. मला माहीत होतं गं वेडे. तिचं तोंडसुद्धा रडायला अर्धवट तयार झालं होतं.

चिझुरुनं पोशाखाची घडी घालायला घेतली, मग सोडून दिली. “नाही,” ती म्हणाली. “असं कसं? मी विचारलं होतं बाईला.”

“कुणाला?”

“हातानो बाईला. नववीचा निरोप समारंभ झाला त्या दिवशी. शाळा सुटली, आता काय करणार आहे ती माझं, म्हणून गेले सरळ संगीताच्या खोलीत. म्हटलं, बाई, मला ओठ हलवायला तुम्हीच सांगितलं होतं का?” चिझुरुचा आवाज अगदी सावकाश येत होता, बोलता बोलता ती स्वतःच ऐकत असल्यासारखा. “ती पेटी पुसत होती. थांबली. मला विचारलं, हे तुला कोणी कळवलं? म्हटलं, मिसाओनं. मग म्हणाली, हो. मीच म्हणाले होते. माझं चुकलं. आणि उठून उभी राहिली आणि माझ्यापुढे वाकली. बाई, माझ्यापुढे. एवढी खाली. मी तशीच निघून आले. दार आपटलं मी, मिसाओ.”

बाहेर आभाळ गडगडलं. दांडीवरच्या पिशव्या वाफेनं हळूहळू हलत होत्या. बाईंना माहीत होतं. बाजारात मुळा घेऊन चाललेल्या त्या बाईला माहीत होतं.

“दर वर्षी तिचं नववर्षाचं कार्ड यायचं,” चिझुरु म्हणाली. “दर वर्षी. एकच ओळ, शाईनं. गातेस का? मला वाटायचं खिजवतेय. पंचवीस कार्डं, मिसाओ. गातेस का, गातेस का. एकालाही उत्तर नाही दिलं. शेवटच्या दोनतीन वर्षांत अक्षर हलायला लागलं होतं, तरी तेच.” तिनं मान वर केली. “तुला काय लिहायची?”

मिसाओनं खाली बघितलं. तिची कार्डं घरी एका डब्यात नीट रबर लावून ठेवलेली होती. “छापील,” ती म्हणाली. “नुसतं छापील. हातानं काही नाही लिहायच्या.”

“कधीच?”

“कधीच नाही.”

मग चिझुरु रडेल असं वाटलं, पण ती रडली नाही. तिनं काउंटरवरचा पोशाख उचलला, त्याला नंबराची चिठ्ठी लावली, इतक्या नेटकेपणानं की मिसाओला तोवाची आठवण झाली. “तुला वाटेल, तिनं तुला वाचवलं,” ती म्हणाली. “तुला नाही वाचवलं. मला वाचवलं. तुझ्याशिवाय होतं कोण माझ्याकडे तेव्हा? आई रात्रपाळीला, वडील कुठे कोण जाणे. तू गेली असतीस तर मी जेवायला कुणाकडे गेले असते? तिनं ते पाहिलं होतं. म्हणाली असेल, मैत्रिणीऐवजी मी गेले तर चालेल.” आणि पोशाख दांडीला अडकवून, “तुझ्या आईची ती कोबीची आमटी. मला अजून आठवते.”

“चि-चान, मी...”

“रविवारी किती वाजता?”

“दोन. तू येणार?”

“मी जाईन,” चिझुरु म्हणाली. “तू येऊ नकोस.” हे ती रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. “पोशाख मंगळवारी तयार होईल. धुवायला नको होता, पण आता घेतलाय तर धुते.”

रविवारी मिसाओ गेली नाही, म्हणजे आत गेली नाही. पावणेदोनला तिनं नागरी केंद्राच्या मागच्या बाजूला गाडी लावली आणि इंजीन बंद केलं. पोशाख लाँड्रीत होता, ती घरच्याच जाड स्वेटरवर होती. माकिनोला तिनं ताप आल्याचं कळवलं होतं, त्यानं उलट लिहिलं होतं, ‘खालच्या सुराचं कसं होणार!’ नदीकडून पाण्यात मिसळलेलं बर्फ येत होतं, काचेवर पडून घसरत होतं. तिला सारखं त्या चित्रातल्या हाताचं पान आठवत होतं, अधांतरी राहिलेल्या. इतके दिवस तिनं ते पान तोवाच्या बाजूनं पाहिलं होतं. तोवा बिचारी, तोवाचं कुणी ऐकून घेत नाही. वाईट माणसात आपण दिसलो की आपल्याला वाटतं आपण मोठे प्रामाणिक, जणू ओळखलं म्हणजे फेडलं. त्या हाताला किती थंडी वाजली असेल हे तिनं पाहिलंच नव्हतं.

दोन वाजून वीस मिनिटांनी पेटी वाजली. मिसाओनं काच खाली केली. बर्फाचं पाणी आत येऊन तिच्या मांडीवर पडू लागलं. वरचा सूर आधी आला, जाड्या झालेल्या, श्वास अपुरे पडणाऱ्या बायकांचा, मग मुलगे, आता त्यांना मुलगे म्हणायचं म्हणजे, आणि मग खालचा सूर. तिनं मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान तिचे गटप्रमुखाचेच होते. पहिल्या कडव्यात तो आवाज नव्हता. दुसऱ्यातही नव्हता. तिला वाटलं, आली नसेल, किंवा येऊन नुसतीच उभी असेल, ओठ हलवत, कारण सवय अशी सुटत नाही. तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला तो आला. आधी दबका, मग नुसता मोठा, अर्ध्या बोटानं खाली, चौदा वर्षांच्या मुलीइतका आडदांड. अजून तसाच होता. बेसूर होता, त्यात काही शंका नव्हती, मिसाओचं तेव्हाचं ऐकणं चुकलं नव्हतं. बाकीचे क्षणभर डळमळले आणि मग त्याच्यासकट पुढे निघाले, आणि ती ओल्या स्वेटरनं ऐकत राहिली, आता मोडेल, आता मोडेल म्हणून, शेवटच्या सुरापर्यंत. गाणं मोडलं नाही.